खाण संपल्यावर जमीन पुन्हा शेतीची होते का?

प्रश्न वणी तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा आहे. त्यांच्या गावाची काही जमीन खुल्या कोळसा खाणीत गेली आहे, उरलेल्यातली काही विस्तारीकरणात जाणार आहे आणि त्यासाठी लवकरच पर्यावरणाची जनसुनावणी आहे. ते विचारतात: खाण संपल्यावर ही जमीन पुन्हा पऱ्हाटी (कापूस) आणि तुरीची होऊ शकते का? ढिगाऱ्यांवर झाडं लावली की जमीन सुधारली असं सांगतात, ते खरं का? आणि सुनावणीत आम्ही नेमकं काय मागावं?

भाऊ, वर्धा खोऱ्यातल्या खाणपट्ट्यात ढिगाऱ्यांवर माती आणि हिरवळ उभी करण्याच्या कामातच माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सरळ सांगतो. शेती पुन्हा होऊ शकते. सगळ्या क्षेत्रावर होत नाही, आणि खाण संपल्यावर विचार सुरू केला तर कुठेच होत नाही. ज्या दिवशी पहिला डोझर तुमच्या वावरात उतरतो आणि वरची काळी माती ओढतो, त्या दिवशी निम्मा निकाल लागलेला असतो. ती माती वेगळी काढली का, कशी ठेवली, किती लवकर परत पसरली, यावर पुढच्या दोन पिढ्यांचं पीक ठरतं.

तुमच्या वावरात वरून खाली काय आहे ते आधी डोळ्यांपुढे आणा. वर काळी माती, कुठे हातभर तर कुठे दोन पुरुष. तिच्याखाली पिवळसर चिकण, त्यात चुनखडीचे खडे, मग मुरूम किंवा नदीकाठी वाळू. त्याखाली कामठी थराचा वालुकाश्म, त्याच्याखाली बराकर थर, आणि त्यात कोळसा. आपल्या खोऱ्यात कोळशाचा मुख्य थर अनेक ठिकाणी १५ ते २० मीटर जाड भरतो. तिथवर पोचायला वरचं सगळं उचलावं लागतं. खाणीत या सगळ्याला मिळून ‘ओबी’ (ओव्हरबर्डन, कोळशाच्या वरचा माल) म्हणतात, आणि नुकसानीची सुरुवात तिथेच होते, कारण काळी माती आणि फोडलेला दगड एकाच हिशोबात, घनमीटरमध्ये, मोजले जातात. एक टन कोळशामागे चार-पाच घनमीटर ओबी निघणं इथे नवलाचं नाही.

फोडलेला खडक फुगतो. दाबून बसल्यावरही तो मूळच्यापेक्षा साधारण १५ ते २५ टक्के जास्त जागा खातो. शिवाय सुरुवातीची काही वर्षं खड्ड्यात माल परत टाकायला जागाच नसते, म्हणून तो बाहेर रचतात. त्यामुळे खाण संपते तेव्हा तीन तऱ्हेची जमीन उरते: बाहेरचे उंच ढिगारे, आतून भरत आणलेला सपाट भाग, आणि शेवटी न भरलेला खोल खड्डा. शेतीची आशा फक्त मधल्या, भरलेल्या भागावर धरायची. ढिगाऱ्यावर गवत आणि जंगल होईल, खड्ड्यात पाणी साठेल. हे तिन्ही भाग नकाशावर वेगवेगळे दाखवून प्रत्येकाचं पुढे काय होणार, हे खाण सुरू व्हायच्या आधी लिहून घेतलं पाहिजे. ‘पुनर्स्थापित क्षेत्र इतके हेक्टर’ असा एकच आकडा दिला असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

आता काळ्या मातीकडे येतो. तिच्यात निम्म्याहून अधिक चिकणमातीचे कण असतात. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि त्या भेगांतूनच तिची उलथापालथ होऊन ती दरवर्षी मोकळी होते. ही माती वाफशावर (फार ओली नाही, फार कोरडी नाही अशी असताना) उचलली तर हातात भुरभुरते. ओली उचलली तर कायमची बिघडते. पावसाळा संपता संपता कोळशाचं उद्दिष्ट गाठायची घाई सुरू होते आणि वावरात चिखल असतानाच शॉवेल चालतो. ओला गोळा बकेटमधून सुटत नाही म्हणून आपटून पाडतात, डंपरमध्ये तो आणखी दबतो, ढिगावर वरून डोझर फिरतो. मार्चमध्ये त्याच ढेकळावर कुदळ मारून बघा, उसळून परत येते. अशा मातीत पऱ्हाटीचं सोटमूळ शिरत नाही, आणि कितीही शेणखत घातलं तरी दोन-चार वर्षांत ती पूर्ववत होत नाही.

साठवणीची गोष्ट तितकीच महत्त्वाची. मातीचा ढीग उंच रचला की आत मीटरभर खाली हवा पोचत नाही. गांडुळं मरतात, पिकाच्या मुळांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी संपत जाते. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला उंच ढीग खालून कोरला तर आंबूस वास येतो आणि माती काळी न दिसता निळसर करडी दिसते. म्हणून ढीग तीन मीटरच्या वर नको, त्यावर लगेच गवत किंवा धैंचा पेरलेला हवा, आणि शक्यतो ढीगच नको. सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे खाणीच्या पुढच्या तोंडाशी माती काढायची आणि त्याच हंगामात मागच्या भरलेल्या भागावर नेऊन पसरायची. त्यात माती जिवंत राहते आणि दोनदा वाहतूकही लागत नाही. खाणीचं वेळापत्रक या पद्धतीने आखता येतं. कठीण काही नाही, ते सुरुवातीला आखावं लागतं एवढंच.

दुसरं नुकसान असं की वरची काळी आणि खालची पिवळी चुनखडीयुक्त माती एकाच खेपेत एकत्र होते. मग सामू (पीएच) चढतो, जस्त आणि लोह झाडाला मिळेनासं होतं, आणि कोवळी पानं पिवळी पडतात. शेतकऱ्याला वाटतं बियाणं खराब निघालं.

मातीचा हिशोब एकदा करून ठेवा, सुनावणीत कामाला येईल. एका हेक्टरवर ६० सेंटिमीटर माती पसरायची म्हणजे ६००० घनमीटर. १० घनमीटरच्या टिपरने ६०० खेपा. स्वतःच्या वावराची माती ओबीत गाडून टाकली असेल, तर ही माती दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातून आणावी लागेल. ती कुणी आणत नाही. म्हणूनच कागदावर ‘शेतीयोग्य’ लिहिलेल्या बऱ्याच जमिनीवर प्रत्यक्षात मुरूम असतो.

चांगलं काम कसं असतं ते सांगतो. भरलेला खडक आधी सपाट करून बसू द्यायचा. कोळसा मिसळलेला काळा शेल वरच्या दोन मीटरांत येऊ द्यायचा नाही, कारण तो उन्हात भयंकर तापतो आणि कधीकधी आतून धुमसत राहतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४६-४७ वर असताना, त्यावर रोप टिकत नाही. खडकावर मीटरभर मुरूम आणि पोटमाती. डंपरच्या चाकांनी तो थर दगडासारखा झालेला असतो, म्हणून त्यात रिपरने खोल फाळ ओढायचे. त्यावर वाफशाला काळी माती, शक्यतो एकाच दिशेने ओतत मागे सरकायचं, म्हणजे पसरलेल्या मातीवर पुन्हा वाहन फिरत नाही.

हे झालं की नाही हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन वर्षं जुन्या ‘सुधारलेल्या’ तुकड्यावर जा, तूर किंवा बाभळीचं एक झाड निवडा आणि त्याच्या शेजारी तीन फूट खड्डा खणा. मुळं सरळ खाली गेली असतील तर काम नीट झालं आहे. नऊ-दहा इंचांवर मुळं काटकोनात वळून आडवी पसरलेली दिसली, आणि तिथे हात लावला तर माती तासून गुळगुळीत केल्यासारखी लागली, तर खाली दबलेला थर आहे. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तसंच उभं असेल तर त्या जमिनीवर पावसाळ्यात पीक कुजेल आणि हिवाळ्यात वाळेल. अधिकारी पाहणीला आले की त्यांच्यासमोर हा खड्डा खणा.

पहिल्याच वर्षी कापूस घ्यायचा हट्ट धरू नका. आधी ताग किंवा धैंचा पेरून गाडायचा, मग एक-दोन वर्षं मारवेल आणि स्टायलोसारखा चारा, त्यानंतर बियाण्याला रायझोबियम (नत्र स्थिर करणारे जिवाणू) लावून तूर-हरभरा, आणि पऱ्हाटी पाचव्या-सहाव्या वर्षापासून. भरलेली जमीन पहिल्या काही पावसाळ्यांत ठिकठिकाणी खचते, पाणी साचायची डबकी तयार होतात, ती पुन्हा सपाट करून घ्यावी लागतात. विहिरीची अपेक्षा ठेवू नका. खालचे जुने पाणीधारक थर तुटलेले असतात आणि पाणी पुन्हा वर यायला फार वर्षं लागतात. ही कोरडवाहू शेतीच राहील असं धरून चला. घर तर त्यावर बांधूच नका.

जर्मनीत ऱ्हाइनच्या पट्ट्यात लिग्नाइटच्या प्रचंड खुल्या खाणी आहेत आणि तिथे वर लोएस नावाची सुपीक माती आहे. ती वेगळी काढून भरलेल्या जमिनीवर सुमारे दोन मीटर जाडीची घालतात, पहिली तीन वर्षं लसूणघास घेतात, आणि एकूण सात वर्षं स्वतः मशागत करून मगच जमीन शेतकऱ्याच्या हाती देतात. अमेरिकेत १९७७ च्या खाणकाम कायद्याने उत्तम शेतजमिनीसाठी आणखी कडक अट घातली: माती थराथराने वेगळी काढायची आणि परत घालायची, आणि शेजारच्या न खणलेल्या जमिनीइतका पिकाचा उतारा तीन वर्षं आला हे दाखवल्याशिवाय कंपनीची हमी रक्कम पूर्ण सुटत नाही. यातला पिकाच्या उताऱ्याचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे रोपं मोजतात, क्विंटल कुणी मोजत नाही.

आता झाडांचा प्रश्न. हेक्टरी २५०० रोपं हा आपल्याकडचा ठरलेला आकडा. ढिगाऱ्यावर वर्षानुवर्षं सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली, वेडी बाभूळ लावून म्हणा की आपोआप, सगळीकडे पसरली. लवकर वाढतात, गुरं खात नाहीत किंवा खाल्लं तरी पुन्हा फुटतात, आणि उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसतं. सीएमपीडीआय ही कोल इंडियाची संस्था मोठ्या खुल्या खाणींच्या पुनर्स्थापनेवर उपग्रहातून नजर ठेवते. किती भाग खणला, किती भरला, किती हिरवा झाला, हे त्यातून चांगलं कळतं आणि ते काम उपयोगाचं आहे. हिरव्याखाली काळी माती आहे की दगड, हे मात्र आकाशातून दिसत नाही. सुबाभळीच्या दाट रानाखाली गवताची काडी उगवत नाही आणि पावसाळ्यात तिथून गढूळ पाणी वाहतच राहतं.

ढिगाऱ्यावर काय चालतं याचं उत्तर नागपुरातच शोधलं गेलं आहे. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्याची प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ), आणि कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर सांडपाणी प्रक्रियेतला गाळ हेक्टरी ५० टन घालून, सोबत मायकोरायझा आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू देऊन देशी झाडं वाढवून दाखवली. म्हणजे नुसत्या दगडावर खड्डा खणून रोप ठेवायचं नाही, त्या खड्ड्यात सेंद्रिय पदार्थ आणि जीव दोन्ही द्यायचे. प्रेसमड मिळत नसेल तर शेणखत आणि गावातल्या एखाद्या जुन्या झाडाखालची दोन पाट्या माती प्रत्येक खड्ड्यात वाटून टाका. तिच्यात बुरशी असतेच.

क्रम मात्र गवतापासून सुरू करा. उतारावर मारवेल, पवना, दीनानाथ आणि स्टायलोचं बी मृगाच्या आधी फेकायचं, कडांवर वाळा लावायचा. माती धरली गेली की करंज, कडुनिंब, शिसव, खैर, पळस, बोर, सीताफळ, पायथ्याच्या ओलाव्यात अर्जुन आणि जांभूळ, जागोजागी बांबू. मोह हळू वाढतो, त्यामुळे अहवालात त्याचा उपयोग नसतो, तरी लावाच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्यायोग्य करण्याची अट घालायला केंद्र सरकारला सांगितलं आहे. ज्या गावांचं गायरान खाणीत गेलं त्यांच्यासाठी ही अट फार कामाची आहे, ती नावानिशी मागा.

दाट काटेरी रानाची आणखी एक बाजू चंद्रपूरकरांना ठाऊक आहे. ताडोबाच्या इतक्या जवळ ढिगाऱ्यांवर आणि पडीक जागेवर बेसुमार झाडोरा वाढला की वाघ-बिबट त्यात मुक्काम करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुर्गापूर आणि वीज केंद्राच्या परिसरात माणसांचे बळी गेले. वस्तीला लागून असलेल्या उतारावर उघडं गवत आणि विरळ झाडं ठेवा, दाट लागवड वस्तीपासून दूरच्या बाजूला. हे नियोजन वनविभागाला सोबत घेऊन करायचं असतं.

पाण्याकडे लक्ष दिलं नाही तर वरचं सगळं वाहून जातं, अक्षरशः. इथे वर्षाला ११००-१२०० मिलिमीटर पाऊस आणि तोही मोजक्या झडींमध्ये. ढिगाऱ्याचा माथा खोलगट राहिला की पाणी साचतं, एखाद्या भेगेतून आत शिरतं, आतून बीळ पाडतं आणि एके दिवशी कडेपासून माणसाच्या उंचीची घळ पडते. त्या घळीतला सगळा गाळ खालच्या शेतात. माथा आतल्या बाजूला किंचित उताराचा हवा, पाणी दगडी पाटाने खाली आणलं पाहिजे, पायथ्याशी भिंत आणि भोवती चर, चराच्या शेवटी गाळ बसायला तळं, आणि ते तळं दर मे महिन्यात उपसलेलं. पर्यावरण मंजुरीत ढिगाऱ्याचा एकूण उतार साधारण २८ अंशांच्या आत ठेवण्याची अट असते. आमच्या भागात त्यात एक भर हवी: ढिगारा काळ्या मातीवर उभा करू नये. ओली काळी माती खालून सरकते आणि वरचा डोंगर घेऊन जाते. म्हणजे ती माती आधी काढणं शेतीसाठी जितकं गरजेचं, तितकंच खाणीतल्या माणसांच्या जिवासाठीही.

नदीकाठचे ढिगारे हा स्वतंत्र विषय आहे. जुलै २०२२ मध्ये वर्धा, पैनगंगा आणि इरईचं पाणी गावांत शिरलं तेव्हा लोकांनी ढिगाऱ्यांकडे बोट दाखवलं. पूररेषेत उंच भराव घातला की पाणी पलीकडच्या काठावर चढतं, हे साधं जलशास्त्र आहे. तुमच्या नकाशावर निर्गुडा किंवा वर्धेची पूररेषा आणि ढिगाऱ्याची हद्द एकत्र काढून मागा.

शेवटच्या खड्ड्याबद्दल थोडक्यात: तो तलाव होईल, पण इथलं वार्षिक बाष्पीभवन पावसापेक्षा बरंच जास्त असल्याने त्यातले क्षार वर्षागणिक वाढू शकतात. दरवर्षी पाणी तपासल्याशिवाय पिण्याला किंवा पिकाला घेऊ नका. काठ तासून, गुरंढोरं उतरू शकतील अशी उताराची वाट आणि कुंपण हे दोन्ही हवं. वीज केंद्राची राख त्यात भरणार असतील तर भूजलाचा अभ्यास आणि भोवतालच्या विहिरींची नियमित तपासणी याशिवाय संमती देऊ नका.

पैशाचं बोलू. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि प्रत्येक खाणीने बंद करण्याच्या खर्चासाठी वेगळ्या एस्क्रो खात्यात (परवानगीशिवाय पैसे काढता न येणाऱ्या बँक खात्यात) दरवर्षी रक्कम भरण्याची सक्ती केली. खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये धरले होते, पुढे दर ९ लाखांवर नेला. पैसे कोळसा नियंत्रकाच्या संमतीशिवाय निघत नाहीत आणि काम तपासून टप्प्याटप्प्याने परत मिळतात. तुमच्यासाठी कळीचा क्षण तोच: तपासणीच्या वेळी ग्रामपंचायतीचा माणूस तिथे हजर असला पाहिजे.

आणि मालकीचं कटू सत्य. जमीन १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली गेली असेल तर ती कंपनीच्या नावावर राहते, त्या कायद्यात मूळ मालकाला परत देण्याची तरतूद नाही. केंद्राने २०२२ मध्ये धोरण आणलं ते अशा जमिनीचा इतर कामांसाठी वापर करू देण्याचं, मालकी कंपनीकडेच ठेवून. म्हणून जमीन उत्तम सुधारली तरी सातबारा तुमच्या नावावर येईल असं कुणी तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेतकरी गटाला किंवा ग्रामपंचायतीला दीर्घ मुदतीने कसायला आणि चराईला देण्याची मागणी मात्र ठामपणे करा, आणि ती लेखी करा. खाजगी कंपनीची खाण असेल आणि जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने किंवा खरेदीखताने गेली असेल तर चित्र वेगळं असतं. आधी संपादनाची अधिसूचना काढून एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा.

सुनावणीची नोटीस ३० दिवस आधी द्यावी लागते आणि खाणीच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळालाच पाहिजे. त्यात काळ्या मातीची सरासरी जाडी आणि एकूण घनमीटर दिले आहेत का बघा. दिले नसतील तर पहिला आक्षेप तोच. मग मागा की काळी माती आणि पोटमाती वेगवेगळी काढावी, जून ते ऑक्टोबर मातीला हात लावू नये, भरलेल्या भागावर किमान ६० सेंटिमीटर काळी माती पडावी, आणि शेतीचा तुकडा सुधारला की नाही हे शेजारच्या वावराच्या उताऱ्याशी ताडून ठरवावं. भाषण करा, पण प्रत्येक मुद्दा कागदावर देऊन पोच घ्या आणि इतिवृत्तात आला का ते तपासा. मंजुरी मिळाल्यावर अटी परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर येतात, सहामाही अनुपालन अहवालही निघतात. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला ते वाचायचं काम द्या.

सुनावणीची वाट न पाहता एक काम आताच उरका. विस्तारीकरणात जाणाऱ्या वावरांत मीटरभर खोल खड्डे खणून, टेप लावून, काळ्या मातीचा फोटो घ्या. मातीचे नमुने कृषी विज्ञान केंद्रातून तपासून घ्या. विहिरींची मे महिन्यातली पाणीपातळी आणि मागच्या तीन हंगामांचा एकरी उतारा लिहून काढा, आणि हे सगळं ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. उद्या कुणी ‘इथे मुळात बरडच होती’ म्हणाला, तर तुमच्याकडे दाखवायला तेवढाच पुरावा असेल, कारण तोपर्यंत ती माती जागेवर राहिलेली नसेल.